नाव कोणाचं, मोबाईल नंबर कोणाचा: भोसरीत एका व्हीएमसीचं युनिट उभं करताना

व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातूचे पार्ट कापणारं मशीन. ते लावून नवं युनिट काढणाऱ्या मुलीला जो तो आधी कुठलं मशीन घ्यायचं ते सांगतो. माझ्या अनुभवात पहिलं काम आधार कार्डाचं. आधारला कोणाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे ते बघा. बऱ्याच घरांत तो वडिलांचा किंवा भावाचा निघतो, लग्न झालं असेल तर नवऱ्याचा. कार्ड काढलं तेव्हा घरात जो फोन होता तोच लावलेला असतो आणि पुढे त्याकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं. उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, ओटीपी त्याच नंबरवर जातो. घरच्यांना तुमचा धंदाच पसंत नसेल, बोलणं जेमतेम उरलं असेल, तर दर वेळी "दादा, एक नंबर आला असेल, सांगतोस का?" असा फोन करावा लागतो आणि युनिटची चावी तिकडेच राहते. आधार केंद्रावर स्वतः जा, बोटांचे ठसे द्या आणि नंबर बदलून घ्या. जुना नंबर हातात नसला तरी चालतं. मग पॅन, बँक खातं, जीएसटी आणि वीजजोडणीचा अर्ज, सगळीकडे हाच एक नंबर आणि युनिटचा एक वेगळा ईमेल.

दुसरी अडचण आपल्याकडच्या मधल्या नावाची. डिग्रीवर वडिलांचं नाव, आधारवर लग्नानंतर नवऱ्याचं, पॅनवर नुसतं आद्याक्षर. आधार आणि पॅनवरची नावं जुळली नाहीत की उद्यमची नोंदणी तिथेच अडते, आणि बँकेची फाईल महिनाभर "नावात तफावत" या शेऱ्याखाली पडून राहते. कुठलं नाव ठेवायचं ते एकदाच ठरवा. नाव बदलत असाल तर आधी राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्या आणि बाकीची कागदपत्रं त्यावरून दुरुस्त करा. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. धंदा माहेरच्या नावाने करायचा असेल तर बेधडक करा, फक्त सगळीकडे एकच नाव ठेवा.

उद्यम नोंदणी फुकट असते. पैसे मागणाऱ्या साईट खासगी असतात. मशीनिंगचं जॉबवर्क (ग्राहकाचा माल घेऊन त्यावर काम करून देणं) एनआयसीच्या, म्हणजे उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाच्या, २५९२ या वर्गात येतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींच्या आत आणि उलाढाल १० कोटींच्या आत असेल तर युनिट सूक्ष्म उद्योगात मोडतं. एका मशीनचं शॉप तिथेच बसतं. ही नोंदणी पहिलं बिल काढायच्या आधीची हवी. का ते वसुलीपाशी आल्यावर सांगते.

मालकी कशी ठेवायची यावर घरचे एकच सुचवतात: भावाला नाहीतर मिस्टरांना पार्टनर करून घे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही. पण भागीदारीत कुठलाही भागीदार फर्मच्या नावाने व्यवहार करू शकतो, आणि फर्मच्या कर्जाला प्रत्येक जण पूर्ण जबाबदार असतो. रोज शॉपवर उभं राहणार नाही अशा माणसाला हा अधिकार देऊ नका. एकटीने सुरू करत असाल तर प्रोप्रायटरशिप पुरेशी आहे. पुढे एकल व्यक्ती कंपनी करता येते.

आता बँक. इथे थोडं खोलात जायला हवं, कारण बहुतेक जणींचा प्रवास इथेच थांबतो.

बँकेतल्या साहेबांचा संशय आधी समजून घ्या. महिलांसाठीच्या सवलतींमुळे बायकोच्या नावाने युनिट काढून नवऱ्याने चालवायचं हा प्रकार औद्योगिक पट्ट्यात वर्षानुवर्षं चालू आहे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात शहरी भागातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के अनुदान, तर महिलेला २५ टक्के. ग्रामीण भागात हेच आकडे २५ आणि ३५. पुरुषाने स्वतःचे १० टक्के घालायचे, महिलेने ५. एवढा फरक असल्यावर नावापुरत्या मालकिणी तयार होणारच. त्यामुळे खरीखुरी मालकीण समोर बसली तरी अधिकारी विचारतो, "टेक्निकल कोण बघणार?" प्रश्न अपमानाचा आहे हे खरं. त्याला उत्तर फाईलमधून द्यायचं. मशीनचा स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) कुठला, टेबल किती, कोणत्या पार्टसाठी, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) किती, ताशी दर कसा काढला, हे स्वतः लिहिलेलं एक पान प्रकल्प अहवालाच्या सगळ्यात वर लावा. सीएने केलेला अहवाल त्याच्यामागे. सीए सोबत आलाच तर त्याला बाजूला बसवा, बोलणं तुमचं.

मी धरलेले आकडे देते, म्हणजे हिशेब कळेल. ८०० बाय ५०० मिलिमीटर प्रवासाचा, बीटी-४० स्पिंडलचा व्हीएमसी २६ लाख. कॉम्प्रेसर, सर्व्हो स्टॅबिलायझर, वायरिंग, अर्थिंग मिळून ३ लाख. टूल होल्डर, व्हाइस, बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज ३ लाख. एकूण ३२ लाख. बँक ७५ टक्के, म्हणजे २४ लाख देते. उरलेले ८ लाख आपले. मुली ८ लाख जमवून बसतात आणि ऐनवेळी कळतं की वर १८ टक्के जीएसटी आहे: ५ लाख ७६ हजार. बऱ्याच बँका कर्जात जीएसटी धरत नाहीत. तो पुढे इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो, पण यंत्रावरच्या क्रेडिटचा रोख परतावा मिळत नाही, आपल्या बिलांवरच्या करातून हळूहळू वजा होतो. महिन्याला दोन-सव्वादोन लाखांचं जॉबवर्क धरलं तर १८ टक्क्यांनी ३८-४० हजार. पूर्ण वळायला सव्वा-दीड वर्ष लागतं. तोवर हे पैसे अडकलेले. शिवाय पहिले तीन महिने बिलांचे पैसे येत नाहीत, पगार आणि भाडं मात्र चालू होतं. म्हणजे ८ लाख धरून चाललात तर प्रत्यक्षात १७-१८ लागतात. कमी पडणारी रक्कम मग घरून मागावी लागते आणि घरून पैसे आले की घरच्या अटीही येतात. म्हणून ही बेरीज आधीच करा. गरज पडली तर जुनं पण जॉमेट्री (मशीनचे भाग एकमेकांशी सरळ आणि काटकोनात आहेत ना ते) तपासलेलं मशीन घ्या, पण पैसे पुरवून घ्या.

बँकेचा पुढचा सूर ठरलेला असतो: "वडिलांना गॅरंटर म्हणून आणा." सूक्ष्म आणि लघुउद्योगांना १० लाखांपर्यंतच्या (१ एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना २० लाखांपर्यंतच्या) कर्जासाठी तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई, म्हणजे सूक्ष्म व लघुउद्योग पतहमी निधी आहे. या योजनेत कर्ज बसवलं की तारण नाही आणि तिऱ्हाइताची हमीही नाही. प्रोप्रायटर सोडून बाकी सगळे तिऱ्हाईत, वडीलसुद्धा. महिलांसाठी हमीचं प्रमाण जास्त आहे, शुल्कात सवलत आहे. शुल्क कर्जदाराकडून घेतलं जातं, ते खर्चात धरा. तोंडी वाद घालू नका. अर्जातच एक ओळ लिहा: "सदर कर्ज सीजीटीएमएसई हमीखाली मंजूर करावे, ही विनंती." अर्जाची पोच आणि क्रमांक घ्या. २५ लाखांपर्यंतच्या अशा अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायची मुदत आहे, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. "बघू, कळवतो" याला पोच नसते, म्हणून अर्ज रीतसर द्यायचा. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. लेखी कारण मागितल्यावर निम्म्या वेळा गॅरंटरचा विषयच निघत नाही, असा माझा अनुभव.

शेड बघायला जाताना मोजपट्टी न्या. एका व्हीएमसीला ८०० ते १००० चौरस फूट पुरतं. काँक्रीटची जाडी विचारा, आठ-दहा इंचांखाली नको. दरवाजाची उंची मोजा. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी लागते. ती मालकाने घेतली आहे का, ते कागदावर बघा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा, महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते बंधनकारकच आहे. मालक म्हणतो, "करार साहेबांच्या नावाने करू." साहेब म्हणजे नवरा. कराराचा हाच कागद पुढे जीएसटीला, बँकेला आणि महावितरणला लागतो. साहेबांचं नाव त्यात एकदा आलं की पुढच्या सगळ्या कागदांत येतं. आणि संडास बघा. छोट्या गाळ्यांना बऱ्याचदा सामाईक असतो. कडी, दिवा, पाणी या तिन्हींची सोय करारात लिहून घ्या. लाजण्यासारखं काही नाही, बारा-बारा तास तिथे काढायचे आहेत. पुढे मुली कामाला ठेवायच्या असतील तर हे आजच झालं पाहिजे.

विजेचा भार मोजून मागा. व्हीएमसी, पाच एचपीचा कॉम्प्रेसर, दिवे धरून मंजूर भार २० किलोवॉटच्या आत बसतो का ते इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. त्याच्या वर गेलं की लघुदाब औद्योगिक दराचा टप्पा बदलतो आणि स्थिर आकार केव्हीएवर लागतो. स्टॅबिलायझर तीन फेजचा, मशीनवाल्याने सांगितलेल्या केव्हीएचा. मशीनसाठी वेगळा अर्थिंग पिट. इथे पाच-दहा हजार वाचवले की ड्राइव्हचं कार्ड जळतं आणि खर्च लाखात जातो.

मशीन ट्रेलरवर येतं, आणि अवजड वाहनांच्या वेळांमुळे बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. पाच-साडेपाच टन वजन असतं. हायड्रा क्रेन, पट्टे, रोलर आणि उतरवणारी माणसं यांचा दर आदल्या दिवशी ठरवा, जमलं तर मशीनच्या ऑर्डरमध्येच विक्रेत्याच्या गळ्यात घाला. रात्री अकराला मशीन ट्रेलरवर लटकत असताना दर ठरत नसतो, सांगतील ते द्यावं लागतं, आणि समोर एकटी बाई दिसली की आकडा आणखी फुगतो. त्या रात्री ओळखीचं माणूस सोबत हवं. घरून कोणी येणार नसेल तर शेजारच्या गाळ्यातल्या काकांना चार दिवस आधी सांगून ठेवा. भोसरीतली माणसं अशा कामाला नाही म्हणत नाहीत, हे मी खात्रीने सांगते.

लेव्हलिंग ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरच्या लेव्हलने होतं. जॉमेट्रीचा टेस्ट चार्ट तुमच्या समोर काढायला लावा आणि इंजिनिअरच्या सहीसकट ठेवा. तीन महिन्यांत मशीन वजनाने थोडं खाली बसतं, तेव्हा लेव्हल पुन्हा तपासा. हवा ६ बार, पाण्यात कूलंटचं (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या तेलाचं) प्रमाण ५ ते ८ टक्के. हे रिफ्रॅक्टोमीटरने रोज मोजायचं. कूलंट पातळ झालं की टॅप (आटे पाडायची टूलं) तुटतात, जॉबला गंज चढतो, आणि ऑपरेटर म्हणतो मटेरियलच खराब आहे.

ऑपरेटरचं बोलायलाच हवं. वीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस मॅडमचं ऐकून ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलत नाही, उगीच "हो" म्हणतो आणि आपलंच करतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. स्वतः मशीन शिका. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि सेटिंगचे अल्प मुदतीचे वर्ग असतात. वर्क ऑफसेट घेणं, टूल लेन्थ लावणं, वेअर ऑफसेट देणं, ड्राय रन (जॉब न कापता प्रोग्रॅम चालवून बघणं), एवढं हाताला बसलं पाहिजे. मग नियम कागदावर आणा. प्रत्येक जॉबला सेटअप शीट: क्लॅम्पिंगचा फोटो, टूलचा क्रम, प्रत्येक टूल किती नगांनंतर बदलायचं. शिफ्टचा पहिला नग मोजून त्यावर तुमची सही झाल्याशिवाय दुसरा लागायचा नाही. प्रोग्रॅम एडिटची किल्ली तुमच्याकडे. ३२ एच-७ चा बोअर म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटरचं भोक. दर पाचव्या नगाला बोअर गेज लावून आकडा तक्त्यात लिहायचा. आकडे सरकताना दिसले की इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) झिजतोय हे सगळ्यांना दिसतं. तिथे कोण बाई आणि कोण पुरुष हा प्रश्नच उरत नाही, कारण बोलतो तो तक्ता. लीला पूनावाला १९६७ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या आणि पुढे अल्फा लावल इंडियाच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. तरी याच शहरात आज शॉप फ्लोअरवर मुलगी दिसली की माणसं मान वळवून बघतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दर. इथे बायकांकडून जी चूक होते ती पुरुषांकडून सहसा होत नाही: स्वतःचा पगार धरायचा राहतो.

हप्ता: २४ लाख, ११ टक्के, ५ वर्षं, म्हणजे महिना सुमारे ५२,२००. भाडं २०,०००. वीज २७,०००. दोन ऑपरेटर ४६,०००. देखभाल, तेल, कूलंट ९,०००. हिशेबनीस, विमा, फोन, किरकोळ ८,८००. बेरीज १,६३,०००. महिन्याचे २५ दिवस, दोन पाळ्या मिळून १६ तास, त्यातले ८५ टक्के मशीन खरंच चाललं, म्हणजे ३४० तास. ताशी दर ४७९ रुपये. यात स्वतःचे ३०,००० धरा. बेरीज १,९३,०००, ताशी ५६८. एका कास्टिंगच्या ब्रॅकेटला लोडिंगसकट ७ मिनिटं २० सेकंद लागतात असं समजा. पहिल्या दराने ५८.५० आणि टूलचे ६ रुपये, वर १२ टक्के नफा: ७२ रुपये. दुसऱ्या दराने ८४. नगामागे १२ रुपयांचा फरक, आणि मशीन या एकाच जॉबला लावलं तर महिन्याला पावणेतीन हजारांच्या वर नग निघतात. ते ३३ हजार म्हणजे तुमचा पगार आणि त्यावरचा नफा.

खरेदी विभागातला माणूस नेमका तिथेच हात घालतो. "मॅडम, तुम्हाला कुठे घर चालवायचंय? सर असतीलच की. थोडं कमी करा." हे वाक्य ऐकायची तयारी ठेवूनच जा. उत्तरादाखल हिशेबाचा तक्ता पुढे करा आणि सायकल टाइमवर बोला: फिनिशिंगचा एक पास कमी करता येतो का, दोन नग एका फिक्स्चरवर (जॉब पकडायच्या साच्यावर) बसतात का, लॉट ५०० चा केला तर सेटिंगचा वेळ किती वाटला जातो. कमी करायचं ते मिनिटांत करा, पगारात नाही. ड्रॉइंग हातात आलं की त्याच्यासमोरच डेटम (मापं जिथून घेतात ती बाजू), टॉलरन्स (मापात चालणारा फरक), सरफेस फिनिश यांवर लाल पेनने खुणा करा आणि दोन तरी नेमके प्रश्न विचारा. "टेक्निकल कोण बघतं?" हा प्रश्न मग येत नाही, आला तरी पुन्हा येत नाही.

ग्राहकाच्या ऑफिसात वागणूक घसरली तर काय करायचं, याची माहिती पुरवठादार बायकांना फारच कमी असते. रात्री साडेनऊनंतर "ऑर्डरबद्दल बोलायचंय" म्हणून येणारे फोन, बाहेर भेटायचा आग्रह, अंगाला लागून ड्रॉइंग दाखवणं. "मी तर त्या कंपनीत नोकरीला नाही, मी कुठे जाणार?" असं वाटतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीला असलेल्या बाईपुरता नाही. "नोकरीत असो वा नसो," असे शब्द त्यात आहेत. पुरवठादार म्हणून त्या कंपनीत गेलात, तरी तिथल्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी समिती असावीच लागते. कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नावांसह सहा प्रती. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवरूनही तक्रार जाते.

हे झालं कायद्याचं. रोजची सवय म्हणून, रात्रीच्या फोनला उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी युनिटच्या ईमेलवरून द्या: "काल रात्री ९.४० ला आपला फोन होता, पार्ट नंबर अमुकच्या तारखेबद्दल असावा, खालीलप्रमाणे..." वरिष्ठांना प्रत. बऱ्याच जणांना एवढं पुरतं. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. आणि एका ग्राहकाकडे मशीनचे ४० टक्क्यांहून जास्त तास जाऊ देऊ नका. तक्रार करायची वेळ आली तेव्हा निम्मं शॉप त्याच्यावर चालत असेल तर तोंड उघडत नाही. मला या सगळ्यात हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो पहिल्या वर्षी पाळणं सगळ्यात अवघड जातं.

वसुली. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, हे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्याचं कलम १५. उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी मालाच्या आधीची हवी, आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा. मालाबद्दल लेखी हरकत १५ दिवसांत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. तीन महिन्यांनी येणाऱ्या रिजेक्शन नोटला म्हणून चलनाची (माल पोचवल्याच्या पावतीची) तारीख दाखवा. जॉबवर्कचा माल आला-गेला ते चलन, वजन आणि नगांसह, गेटच्या शिक्क्याचं, सांभाळून ठेवा. मटेरियल ग्राहकाचं असतं आणि जीएसटीप्रमाणे ते वर्षाच्या आत परत जावं लागतं.

खरेदीवाल्याला फोन करत बसू नका, लेखा विभागाला पत्र द्या. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २०२३-२४ या वर्षापासून लागू झालेल्या ४३बी(एच) या तरतुदीमुळे (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात तिचा क्रमांक वेगळा आहे), सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च देईपर्यंत वजावटीत घेता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात थकीत बिलांची यादी, उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि या तरतुदीचा एका ओळीत उल्लेख, एवढंच पत्र पाठवा. तरी पैसे आले नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून प्रकरण सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातं. तिचा निवाडा मान्य नसलेल्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय आव्हान देता येत नाही.

शेवटी घर. जे घर उद्घाटनाच्या पूजेला येत नाही, तेच घर एका कागदासाठी मात्र नेमाने फोन करतं: हक्कसोडपत्र. "तुझं तर आता सगळं नीट चाललंय, जमिनीवर सही करून टाक." कायदा असा आहे: महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. सही करायची की नाही, हा ज्याचा-त्याचा आणि नात्याचा प्रश्न आहे. मी एवढंच सांगेन की कर्जाचा अर्ज चालू असताना, सणासुदीला घरी गेलेल्या दिवशी, किंवा "बोलणं पुन्हा सुरू होईल" या आशेवर सही करू नका. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं. आधी सातबारा आणि फेरफार काढा, स्वतःचा वकील करा, कुटुंबाचा वकील चालणार नाही. बँकेच्या मालमत्ता-पत्रकात हा अविभाजित हिस्सा दाखवता येतो. शेतजमीन यंत्राच्या कर्जाला तारण म्हणून सहसा चालत नाही, पण तुमची पत वाढते.

मृत्युपत्र करा, वय तीसच्या आत असलं तरी. प्रोप्रायटरशिपमध्ये युनिट आणि तुम्ही एकच. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, विवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली आणि मुलं-नवरा नसतील, तर तिची स्वकष्टाची मालमत्ता आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे स्वीकारतो. दोन साक्षीदार घ्या, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. कर्जाएवढा मुदत विमाही उतरवा.

आणि तुम्ही आठवडाभर दवाखान्यात असाल तर शटर कोण उघडणार, हे आजच ठरवा. बँकेकडे मर्यादित अधिकारपत्र देता येतं: पगार, वीजबिल आणि हप्ता एवढ्यापुरतंच, रकमेची मर्यादा घालून. सोबत एका पाकिटात हिशेबनिसाचा, ऑपरेटरचा, मशीनच्या सर्व्हिसचा नंबर, विम्याच्या पॉलिसीची प्रत आणि प्रोग्रॅमचा बॅकअप असलेला पेनड्राइव्ह. अधिकारपत्रावर नातेवाइकाचंच नाव लागतं असं कुठेही लिहिलेलं नाही. मैत्रिणीचं चालतं, शेजारच्या गाळ्यातल्या काकूंचंही चालतं. बँक त्यांची ओळखपत्रं आणि नमुना सही घेते, त्यासाठी त्यांना एकदा शाखेत घेऊन जावं लागतं.